देवमाशांच्या होडीवर वाजलेली काठी

मी देवमासे शोधायच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा आमच्या डिंगोरे गावात सगळ्यांना एकच काळजी होती. मासा मला गिळेल ही नव्हे, होडीत संडास कुठे असेल ही. आईने तर शेजारच्या चार बायका जमवून त्यावर रीतसर चर्चा घडवली. वडील मात्र निवांत होते. "इहिरीत पोहाया शिकवलंय ना तुला? मग झालं तर. समुद्र म्हंजी लई मोठी इहीर," असं म्हणत त्यांनी माझी पिशवी एसटीत चढवली.

मोहीम म्हणजे एक लहानशी होडी आणि पाच माणसं. प्राणिशास्त्र शिकून अर्ज करकरून मी कंटाळले होते, आणि ऐनवेळी आजारी पडलेल्या कुणाच्या तरी जागी मला घेतलं होतं. तेही अजमावून बघण्यापुरतं. मोहिमेच्या प्रमुख मॅडमनी कोकणातल्या बंदरावरच सांगून टाकलं, "तिसऱ्या दिवशी पाणी भरायला किनाऱ्याला लागू. तोवर जमलं नाही, तर तिथेच उतरायचं." मी मान डोलावली आणि पिशवी होडीत टाकली.

होडी सुटली, किनारा मागे सरायला लागला आणि मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी हसत सुटले. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. दोन उलट्यांच्या मधल्या वेळातही मी खूशच होते, खोटं कशाला सांगू.

कामाची रीत सोपी होती. इंजिन बंद करायचं, पाण्यात खोल माइक सोडायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. देवमाशाचा आवाज फार लांबून येतो, त्यामुळे होडीवर भांडंसुद्धा वाजता कामा नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम हेडफोन लावून बसल्या होत्या आणि मी टोकाला उभी राहून पाणी न्याहाळत होते. हातात होडी लोटायचा बांबू होता. अचानक मॅडम ताडकन उठल्या. "आत्ता कुठे काहीतरी ऐकू येत होतं! कोण ठोकतंय?"

मीच ठोकत होते. आमच्याकडे उसात बिबटे असतात. दिवस कलल्यावर गवताला गेलेलं माणूस काठी आपटत चालतं, म्हणजे बिबट्या वाट सोडतो. लहानपणापासूनची सवय, हातात काठी आली की हात आपोआप चालतो. त्या बांबूने मी फळ्या बडवत होते आणि प्रत्येक ठोका थेट पाण्यात उतरत होता.

मी खरं ते सांगितलं. होडी चालवणारा म्हातारा तांडेल पोट धरून हसला. "गो, दर्यात वाघ खंयसून येतलो?" मॅडम हसल्या नाहीत. "उद्या किनारा आहे," एवढंच म्हणाल्या. मला स्वतःचा असा राग आला की रात्री जेवले नाही.

सकाळी किनाऱ्याला लागण्यापूर्वी शेवटचा माइक सोडला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. बराच वेळ गेला. मग मॅडमनी न बोलता मला खूण केली आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. कुणीतरी रिकाम्या पिंपात तोंड घालून सावकाश गात असावं, तसा आवाज. थांबायचा, पुन्हा यायचा. थोड्या वेळाने लांबवर पाण्याचा फवारा उडाला आणि एक काळी पाठ वर येऊन हळूच खाली गेली. ओरडावंसं वाटलं, पण मी ओठ चावून धरला. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. इतकी सुखी मी आजवर कधीच झाले नव्हते.

किनाऱ्याला लागल्यावर, कुणी सांगायच्या आत मी पिशवी खांद्याला लावून उतरायला उभी राहिले.

"पाणी भरायला पिशवी कशाला?" मॅडम म्हणाल्या आणि दोन रिकामे कॅन माझ्या हातात दिले.

मी ते काठोकाठ भरून आणले, वाटेत कुठेही न टेकवता.