एक दुर्बीण, चार चष्मे

तुम्ही कधी चार जणांत एक दुर्बीण वापरली आहे का? नसेल तर किस्से कसे साठतात ते तुम्हाला कळायचं नाही! पक्षी मोजले तर बोटांवर मावतील, किस्से मात्र पोतंभर.

नव्वदच्या दशकात आम्ही चौघं दर रविवारी सकाळी वर्ध्याबाहेरच्या एका तळ्यावर जायचो. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर म्हणजे आमचे सर, चक्कीवाले शामराव, सावंगीला नर्स असलेल्या मायाताई आणि मी. चौघंही चष्मेवाले. दुर्बीण एकच. ती सरांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेली.

*

शामरावांचा चेहरा रुंद, मायाताईंचा अरुंद. एकाने दुर्बीण फाकवायची, दुसऱ्याने मिटायची! शेवटी मायाताईंनी आपल्या मापाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. मग शामरावांनी हिरवा ऑइलपेंट लावला, मी पांढरा.

सर दुर्बिणीकडे बघत राहिले. "ही दुर्बीण आहे की पोळ्याचा बैल?"

*

डोळ्यांना लागणारं तिचं रबर उन्हाळ्यात पाघळायचं. एकदा मायाताई तळ्यावरून थेट ड्युटीवर गेल्या. दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं!

खाटेवरचे आजोबा उठूनच बसले. "सिस्टर, तुमीच पडा इथं. मले आता बरं वाटून राह्यलं!"

*

थंडीत सर तपकिरी लोकरीची टोपी घालायचे. पांढऱ्या गोंड्याची, काकूंनी विणलेली. एकदा ते दूरचं बदक पाहण्यात इतके रंगले, की मागून वांदराने टोपी उचलली तरी पत्ता नाही. वांदर टोपी घेऊन पलीकडच्या झाडीत पसार!

शामराव म्हणाले, "सर, दूरचं लय मस्त दिसते तुमाले. जवळचंबी पाहात जा ना जी!"

*

आता माझं सांगते. चष्म्यावरून दुर्बीण लावली, की मधल्या रबरामुळे चाराण्याएवढंच दिसायचं. चष्मा काढला, की सगळं धुकं. फोकसचं चाक फिरवावं तर लगेच ओरडा, "कोनं फिरवलं?" म्हणून मी फिरवायचीच नाही. कोणी विचारलं, की म्हणायचं, "हो, दिसलं."

त्यातच सरांना समोरच्या काठावर कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळा सापडला. पिंगळा म्हणजे छोटं घुबड.

"पांढरे ठिपके दिसले?" सरांनी विचारलं.

"पांढरं काहीतरी दिसते जी," मायाताई म्हणाल्या.

"तोच!"

दर रविवारी पिंगळा तिथेच. शामराव म्हणायचे, "सरकारी पक्षी हाय. जागचा हालत नाई!"

सर वहीत नोंद करायचे आणि खाली चौघांच्या सह्या घ्यायचे. सात रविवार मी न पाहता सही केली. आठव्या सहीच्या विचाराने मला जेवण जाईना. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी! एकदा तरी तो पिंगळा आपल्या डोळ्यांनी पाहायचा होता.

*

त्या शनिवारी दुर्बीण माझ्या घरी होती. संध्याकाळी बघते तर सासूबाई ती फडक्याने पुसत बसलेल्या. दोन्ही रबरं त्यांनी शर्टाच्या बाहीसारखी बाहेर दुमडून टाकलेली!

"आई, हे काय केलं?"

"धूळ बसली होती त्याच्यात. तुटलं नाई काई."

मी घाबरत चष्म्यावरूनच दुर्बीण लावली. आणि काय सांगू! चाराण्याच्या जागी परातभर दिसलं. शेजारच्या गच्चीवरच्या कुरडया एकेक मोजता येत होत्या.

"आई, मला दिसलं!"

"मंग इतके दिवस काय पाहून राह्यली होती वं?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा न काढता पिंगळा पाहिला. त्याच्या डोक्यावरचा गोंडा अजून शाबूत होता. त्या रविवारी वहीत माझी सही नाही.