परवानगीदादा

आमच्या नारायणगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या ऑफिसात सकाळी पहिला आवाज यायचा तो दादांचा. "कुणाची फाइल अडली?" जाड चष्म्याचे हे गृहस्थ आमचा लिनक्स सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचा संगणक, सांभाळायचे. पाठीमागे सगळे त्यांना परवानगीदादा म्हणत.

सर्व्हरवर सगळ्यांसाठी एक सामाईक फोल्डर होतं, पण ते नावालाच सामाईक. ज्यानं फाइल केली त्यालाच ती उघडता यायची. दादा रोज दहा वाजता ऐसपैस बसून एकूण एक फाइल सगळ्यांना मोकळी करायचे. अकराला कुणी नवी केली की ती पुन्हा बंदच. एकदाच कायमचं करता येत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "येतंय की. पण मंग मला कोण इचारणार, राव?"

मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. पेठ गावी हळद, आणि त्याच दिवशी आमचा द्राक्षांचा कंटेनर निघायचा. कुठल्या बागेचा माल कुठल्या पेटीत, ही यादी सकाळी करून आमच्या ऑफिसातल्या बाई गावाला गेलेल्या, फोन बंद. यादी काही उघडेना. पासवर्ड फोनवर सांगतील तर ते दादा कसले! लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर मीच पेठ गाठलं.

दादांचे हात हळदीनं माखलेले. वहिनी कडाडल्या, "अवो, पोरीची हळद हाय का हापिस?" लेक मात्र हसून म्हणाली, "आबा, आता तरी त्यांना मोकळं सोडा."

दादांनी हळदीच्याच हातांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. माझ्या मोबाइलच्या नेटवरून सर्व्हर गाठून यादी उघडून दिली आणि आणखी दोन ओळी टाइप केल्या. पुढे त्या फोल्डरमध्ये जी फाइल होईल, ती जन्मतःच सगळ्यांची. कंटेनर वेळेत निघाला. लॅपटॉपची बटणं अजून पिवळी आहेत.

पुढे दादा निवृत्त झाले. दर सोमवारी फोन यायचा, "अडलं का काय?"

"नाही, दादा."

"मंग बरंय," म्हणायचे, पण फोन ठेवायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

एका सोमवारी मी सांगितलं, "दादा, एक फाइल अडलीय. या." तासाभरात इस्त्रीचा शर्ट घालून हजर! चष्मा सावरत त्यांनी स्क्रीन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही तर तूच बंद केलीस की."

मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. दादांनी फाइल मोकळी केली, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "फुडच्या सोमवारी दुसरी बंद कर."