व्लादिवोस्तोक ते ओश, दारापासून दारापर्यंत

भिंतीवरचा नकाशा खोटं बोलतो म्हणून बुरुलचा नावाची आमची एजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून अंतर मोजायची. गिऱ्हाईक निवांत बसावं म्हणून त्याची चहाची वाटी अर्धीच भरायची, संपली की पुन्हा अर्धी. कुणी एखादं शहर लांब आहे म्हणालं की विचारायची, "किती तास?" आणि प्रवास कधीच विमानतळ ते विमानतळ धरत नसे. "माणूस विमानतळावर राहतो का गं? दारापासून दारापर्यंत मोज."

ओशच्या बाजारामागे तिचं तिकिटांचं दुकान. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे कामाला लागले, त्याला चार वर्षं झाली. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण; मला ती तशीच. परवा सकाळी चहा ओतता ओतता ती गेली. बावन्न वर्षांची. अजून मला काही कळत नाही.

मयत ठेवायला तिच्या अंगणात तंबू उभा राहिला. तिचा एकुलता एक मुलगा एल्दियार व्लादिवोस्तोकला असतो. फोनवर एवढंच बोलला, "उद्या इथल्या सकाळी आठला निघतो. वाटेत एक विमान बदलायचं. अकरा तास."

काल सकाळी गल्लीतले सर्वांत वडील, सोपूबेक आजोबा, बोटांवर मोजू लागले. "तिकडचे आठ म्हणजे आपले अकरा. त्यात अकरा मिळवा. रात्रीचे दहा! तोवर मयत ठेवायचं? दुपारच्या नमाजानंतर उचलू."

आमच्या गल्लीत परदेश म्हणजे मॉस्को. तीन तास मिळवायची सवय हाडात मुरलेली.

मी तंबूतून बाहेर आले. "आजोबा, तो मॉस्कोत नाही. व्लादिवोस्तोक उगवतीला आहे. तिकडचे आठ म्हणजे आपले पहाटेचे चार. तो निघालासुद्धा. तीनला उतरेल. सामान, टॅक्सी धरून चारला दारात."

"तू कवितावाली पोर. घड्याळ कधी शिकलीस?"

"एजेकडे. चार वर्षं."

"आणि नाही आला तर?"

"तर चारचौघांत मला खोटी म्हणा. पण आईवर पहिली माती त्याचीच पडेल."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "बुरुलचानं मला एकदाही चुकीची वेळ सांगितली नाही. चारपर्यंत थांबू. पाच मिनिटं वर झाली तर उचलू, सांगून ठेवतो."

चारला तीन मिनिटं कमी होती. गल्लीच्या तोंडापासूनच एल्दियारचा आक्रोश ऐकू आला, आमच्याकडे मयताला पुरुष मोठ्यानं रडत येतात तसा. आजोबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग त्याला मिठीत घेतलं.

आज मी दुकान उघडलं. वहीत एजेच्या अक्षरात एक ओळ आहे: व्लादिवोस्तोक–ओश, दोऱ्याने चार हजार आठशे किलोमीटर, विमानं दोन, तास अकरा. 'दारापासून दारापर्यंत' हा शेवटचा रकाना ती प्रवाशाला समोर बसवून, त्याला विचारूनच भरायची. एल्दियार सहा वर्षं आला नव्हता. पुढच्या महिन्यात यायचा होता.

रकाना कोरा आहे. पानात पेन्सिल आहे, नुकतंच टोक काढलेली.