खोक्यावरची ओळ

दुकानात एक बाई आमच्या कंपनीच्या नव्या वॉटर प्युरिफायरच्या खोक्यावरचं आपल्या सासूबाईंना वाचून दाखवत होत्या, "लाल दिवा लागला की फिल्टर बदला." सासूबाई म्हणाल्या, "हे बरंय. घे!"

मी मार्केटिंगची प्रमुख. माझी मूळ ओळ भलतीच भारदस्त होती. मग सर्व्हिसचे शिंदेकाका कुरकुरले, "ताई, फिल्टर कधी बदलायचा हेच लोकांना कळत नाही." ती कुरकुर मी इंजिनियरांकडे नेली, त्यांनी दिवा बसवला. सेल्सवाल्यांनी अक्षरं मोठी करायला लावली. इतक्या टेबलांवरून फिरलं की वाक्य नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत होतं. माझी त्यात फक्त पायपीट, पण काय आनंदाची!

तिथूनच फोन लावला. "काका, तुमच्या ओळीनं गिऱ्हाईक पटलं!"

"माझ्या? अहो, मी तर नुसती तक्रार केली होती."