पट्टीखालचं दूध

बोरिकच्या कापसाचा वास आला की माझे हात अजून गार पडतात. मी दहा वर्षांची असेन. धाकट्या बहिणीच्या तिरळ्या डोळ्याचं नागपूरला ऑपरेशन करून तिला अहेरीजवळच्या आमच्या गावी आणलं होतं, आणि डोळ्यावरच्या बोरिक कापसाच्या पट्टीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई धानाच्या रोवणीला गेली की मी बहिणीचे दोन्ही हात धरून बसायची. एका दुपारी शेजारची बाळंतीण पळसाच्या द्रोणात अंगावरचं दूध घेऊन आली. "दोन थेंब टाक, थंडक भेटते तिले," म्हणाली. आमच्याकडे डोळा दुखला की हेच घालत, म्हणून मीच पट्टी उचलून धरली आणि दोन थेंब सोडले. दोन दिवसांनी आईने पट्टी सोडली, तेव्हा बहीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माय, मले दोन माया दिसून राह्यल्या."  मला वाटलं, हे त्या दुधानेच झालं. आठवडाभर बहीण "बाई, बाई" अशी मला हाक मारत माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेला हात लावायची, मग हळूहळू तिला दोनाची एक दिसू लागली. आता माझ्या सुईत दोरा तीच ओवून देते. दुधाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.