मोगलांच्या बाजूची खुर्ची

टर्पेंटाइनचा वास घरात पसरला की बायको खिडक्या उघडते आणि म्हणते, "आले वाटतं तुझे मावळे!" आजही उघडल्या. बाल्कनीत वर्तमानपत्रावर मी बोटभर उंचीचे घोडेस्वार रंगवून वाळत ठेवलेत, आणि हा वास नाकात गेल्यापासून एकच माणूस आठवतोय, आमचा भांडुपचा मित्र. तो जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याचा राग येतोच.

आमचा खेळ म्हणजे मोठ्या माणसांचा दिवाळीतला किल्ला. मुलुंडच्या माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर जुने अंक रचून वर हिरवी चादर टाकली की झाला सह्याद्री. त्यावर चिमुकली सैन्यं मांडायची आणि फासे टाकत, टेपने अंतर मोजत दिवसभर लढायचं. ऐकायला झकास वाटतं ना? यजमान होऊन बघा एकदा! सकाळी बोलावलं की बोरिवलीकर दुपारी उगवणार, वर "पोहे संपले?" म्हणून मलाच झापणार. घाटकोपरवाला चहाचा कप नेमका घाटमाथ्यावर ठेवणार. आणि ऐन हल्ल्यात तोफेचा पल्ला किती यावरून दोघांची अशी जुंपणार, की तोफ राहते बाजूला.

पण खरा डोक्याला ताप सुरुवातीलाच. मोगल कोण होणार? पोरांची लग्नं लावून मोकळी झालेली ही माणसं, पण मोगल व्हायचं म्हटलं की तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी! चिठ्ठ्या टाकल्या तर ज्याची निघेल तो रुसणार. "आई विचारते ना, जिंकलास का म्हणून. तिला काय सांगू, यार?" शेवटी भांडुपकरच खुर्ची ओढून पलीकडे बसायचा. "अरे, समोर कोणतरी व्हयो ना? लढतलात कोणाशी?"

बसला की मात्र छळायचा. प्रत्येक चालीआधी आमच्याकडे नुसता बघत राहायचा. "अरे, फासा टाक ना!" मी खेकसायचो. तो हसायचा, सावकाश फासा टाकायचा, आणि बहुतेक वेळा हरायचा.

तो गेल्यावर गेल्या रविवारी पहिल्यांदाच सगळ्यांना बोलावलं. आले, आणि सगळे एकाच बाजूला कोपराला कोपर लावून उभे! पलीकडे रिकामी खुर्ची. तिच्याकडे कोणी बघेना. "राहू दे रे, जेवू आणि निघू," बोरिवलीकर म्हणाला. आज असे निघाले तर पुन्हा जमणार नाहीत, हे मला लख्ख दिसलं आणि डोकंच फिरलं. सकाळपासून सह्याद्री रचतोय मी, आणि म्हणे जेवू आणि निघू! तणतणत पलीकडे गेलो आणि त्या खुर्चीत बसलो.

आमच्या बाजूने इतकी वर्षं मला फक्त शेजाऱ्यांची कोपरं दिसत होती. इथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते. घाटकोपरवाला जीभ दातांत धरून फासे घोळवतो, हे मला ठाऊकच नव्हतं. बोरिवलीकराचे केस किती पांढरे झालेत! माझी चाल आली तरी मी बघतच राहिलो.

"अरे, फासा टाक ना!" घाटकोपरवाला खेकसला. मी हसलो आणि सावकाश फासा टाकला.

कोण किती लढाया जिंकलं, ते आता आम्हा कोणालाच आठवत नाही. आठवतं ते समोर कोण बसलं होतं, एवढंच.

"वाळले का रे तुझे मावळे?" बायको आतून विचारते.

"मोगल आहेत," मी म्हणतो. "रंग उडाला होता त्यांचा."