चंद्री नावाची शेवंती

शेवंतीचं नवं फूल पहिल्यांदा पूर्ण उघडलं की जमादार त्याच्यापुढे वाकायचे, हलकेच एखाद्या मुलीचं नाव घ्यायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. कुणी ओ देणार असल्यासारखे. मग सरळ होत म्हणायचे, "हे न्हाई."

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. निजामाच्या पोलिसातून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस, गालांवर चढलेल्या मिशा, आणि कुंडीपुढे ओणवा होऊन "भागू... भागू..." करतोय. बीडला बिंदुसरेच्या काठाजवळ त्यांचं घर होतं. मी शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा शेजारचीच खोली घेतली. मध्ये कमरेएवढी भिंत. त्यामुळे हा प्रकार मी रोज पाहायचो.

शेवंती लोक फुटव्यांपासून लावतात, म्हणजे फूल आईसारखंच येतं. जमादार बी पेरायचे. बियांचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. कुणाच्या पाकळ्या चमच्यासारख्या, कुणाचा रंग विटक्या धोतरासारखा. असलं रोप दुसऱ्या कुणी उपटून टाकलं असतं. जमादार त्यालाही नाव द्यायचे. "नाव तिचं न्हाई, पन आता ह्या फुलाचं झालं," असं म्हणून लाकडाच्या चिपेवर माझ्याकडून लिहून घ्यायचे. गोदी, सखू, तुळसा, ठकी.

नावं संपली की बाजारातून आणायचे. बांगड्या भरणाऱ्या कासारणीला विचारायचे, "बाई, आज कुनाकुनाला भरल्या? नावं सांगा." ती एकदा म्हणाली, "जमादार, ह्या वयात पोरगी बघायलाव का?"

सगळा बाजार हसला. जमादारही हसले. "व्हय, पोरगीच बघायलोय."

ती कोण, हे त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. कुंड्यांना पाणी घालता घालता ते बोलायला लागले.

"मोठ्या दुष्काळात मी नवा शिपाई होतो. लिंबागणेशच्या वाटेला लई मानसं पडलेली. एक पोरगी बाभळीखाली बसलेली. तिला पानी पाजलं, नाव इचारलं. तिनं सांगितलं, मास्तर. माझ्याकडं बघून नीट सांगितलं. मग खांद्यावर घेऊन छावनीकडं निघालो."

पाणी कुंडीवरून वाहायला लागलं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"छावनीत पोचलो तवर ती गेलती. मुन्शीनं इचारलं, नाम? अन् मला आठवंना. जिभेवर हुतं. आलंच न्हाई. त्यानं लिवलं, लावारिस लडकी." मग हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तिच्याजवळ दुसरं काय हुतं? नाव तेवढं हुतं. ते माझ्या हवाली केलं, अन् मी हरवलं."

"पण मग फुलं कशाला?" मी विचारलं.

"मला बायको न्हाई, लेकरू न्हाई. नाव घेऊन बघायला समोर काईतरी नवं पायजे ना. जुन्याला आदीच नाव असतं."

त्यानंतर मला भिंतीपलीकडून ती हाक ऐकू आली की हातातलं काम थांबायचं. मीही कान देऊ लागलो होतो.

एका वर्षी त्यांच्याकडे एक रोप असं फुललं की बघायला तहसीलदार आले. घासलेल्या पितळेचा रंग, पाकळ्यांच्या टोकांना लाली, आणि फूल ओंजळीएवढं. हैदराबादहून सरकारी बागांचे मोठे अधिकारी दौऱ्यावर आले होते, तेही आले. सगळे त्यांना मोहतमिमसाहेब म्हणत. त्यांनी फूल फिरवून फिरवून पाहिलं, वही काढली आणि लिहायला कलम उघडलं.

"नाम बोलो जमादार. नुमाइश में रखेंगे, दर्ज करेंगे."

"नाव अजून सापडलं न्हाई, सरकार. वहीत चढायचं तर तिचंच चढंल."

तहसीलदार पुढे झुकले. "अहो, साहेबांचंच नाव द्या की! नशीब उघडेल."

"ते तिचं नाव न्हाई," जमादार म्हणाले.

तहसीलदारांचा चेहरा पडला. मोहतमिम मात्र भला माणूस. दौरा संपेपर्यंत थांबतो म्हणाला.

त्या मुदतीत जमादार वेड्यासारखे फिरले. आठवड्याच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. आष्टीकडची एक बाई गर्दीत मागे राहिलेल्या लेकीला ओरडली, "अगं चंद्रे, चल की!" जमादार जागीच थांबले. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की वळ उठला.

"चंद्री," ते म्हणाले. "मास्तर, हेच. हेच वो." भर बाजारात ते रडत होते.

फूल चंद्री नावाने सरकारी वहीत दर्ज झालं. हैदराबादच्या नुमाइशीत, म्हणजे प्रदर्शनात, त्याला पदक मिळालं. जमादारांनी गल्लीत घरोघर फुटवे वाटले. त्या वर्षी त्यांनी बी पेरलं नाही. ओसरीवर निवांत बसून असायचे.

उन्हाळ्यात त्यांची थोरली बहीण कपिलधारला दर्शनाला आली, ती परतताना भावाकडे उतरली. जमादारांनी मोठ्या उत्साहाने तिला सगळी हकिगत सांगितली. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आरं, चंद्री म्हंजे आपली म्हस न्हवं का! तिच्या पाठीवर बसून नदीला जायचास. ती मेली तवा जेवला न्हाईस."

जमादारही हसले, चांगले खदखदून. मीही हसलो. मग ते एकाएकी उठून परसात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेलो, तर चंद्रीच्या कुंडीपुढे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"म्हशीचं नाव ध्यानात ऱ्हायलं," एवढंच म्हणाले.

मोहतमिम पुन्हा आले तेव्हा जमादारांनी हात जोडले. ते नाव खोडा म्हणाले. साहेबांनी समजावलं, की रोपं त्या नावाने औरंगाबादपर्यंत गेली, दर्ज झालेलं आता पुसता येत नाही. जमादारांनी मान हलवली. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा बी पेरलं. आता त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून नाव मोठ्याने घ्यायचे. सकाळी साऱ्या गल्लीला मुलींची नावं ऐकू यायची आणि आता कुणी हसत नव्हतं.

अशाच एका भादव्यात, रोपं वीतभर झालेली असताना, ते तापाने गेले. बहिणीला यायला उशीर झाला. अग्नी मी दिला.

कुंड्यांना पाणी मी घालत राहिलो. कार्तिकात फुलं आली आणि नेमके मोहतमिम दौऱ्यावर आले. जमादार गेल्याचं ऐकून त्यांनी टोपी काढली. मग सवयीने रांगेतून फिरले आणि एका कुंडीपाशी थांबले. मोतिया रंगाचं फूल होतं, पाकळ्या झोपेत मिटलेल्या मुठीसारख्या आत वळलेल्या.

"बहुत खूब. इसका नाम?"

कलम त्यांच्या हातात तयार होतं. मी सखू म्हटलं असतं तर चाललं असतं. गोदी म्हटलं असतं तरी चाललं असतं. फूल हैदराबादला गेलं असतं, जमादारांच्या बागेचं नाव राहिलं असतं.

"अभी मिला नहीं, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कलम खिशात ठेवलं. टांगा गेला. ऊन चढत होतं. मी ती कुंडी उचलून भिंतीच्या सावलीला ठेवली.